‘तुमची स्किन ड्राय की ऑयली?’ हा प्रश्न रुजवणारी हेलेना रुबिनस्टाईन

स्किनकेअर रुटीन सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमची त्वचा कोरडी की तेलकट? फेसवॉशच्या बाटलीवरसुद्धा तेच छापलेलं असतं. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात हा प्रश्न रुजवण्याचं श्रेय जिला दिलं जातं, ती बाई डॉक्टर नव्हती. फोटो मात्र पांढरा कोट घालून काढायची. तिचं नाव हेलेना रुबिनस्टाईन.

हेलेनाचा जन्म १८७२ चा, पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरातल्या एका ज्यू कुटुंबात. आठ बहिणींमध्ये ती थोरली. घरच्यांनी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. शेवटी १८९६ मध्ये तिने थेट ऑस्ट्रेलियाची बोट पकडली आणि कोलरेन या आडगावात राहणाऱ्या मामाकडे पोहोचली.

तिथे तिला दोन गोष्टी दिसल्या. उन्हाने रापलेले बायकांचे चेहरे आणि मेंढ्यांचे कळप. मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचा मेणचट पदार्थ असतो. तो त्वचेवर थर धरतो आणि आतलं पाणी उडून जाऊ देत नाही. मॉइश्चरायझरचं मुख्य काम हेच. अडचण एकच, त्याला उग्र वास येतो. हेलेनाने त्यात सुवासिक वनस्पती मिसळून तो दाबला आणि क्रीमला नाव दिलं ‘व्हॅलेझ’.

खरी करामत पुढे आहे. हे क्रीम कार्पेथियन पर्वतातल्या दुर्मीळ वनस्पतींपासून बनतं आणि एका युरोपियन डॉक्टरचा तो फॉर्म्युला आहे, असं ती सांगायची. बनवायला काही पेनी लागायच्या, विक्री सहा शिलिंगला. स्वस्त ठेवलं तर बायकांचा विश्वास बसणार नाही, हे तिने बरोबर ओळखलं होतं. मेलबर्नमध्ये सलून निघालं, १९०८ मध्ये लंडन, मग पॅरिस आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्क.

सलूनमध्ये आलेल्या बाईची त्वचा आधी तपासली जायची आणि मग कोरडी, तेलकट की सामान्य यावरून क्रीम ठरायचं. ही विभागणी आजही उपयोगी आहे आणि ती घरच्या घरी, फुकटात करता येते. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा आणि तासभर काहीही लावू नका. ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी. सगळीकडे चमकायला लागला तर तेलकट. फक्त कपाळ आणि नाक चमकलं तर मिश्र. तेलकट त्वचेला हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर पुरतं, कोरडीला घट्ट क्रीम लागतं.

हेलेनाचा दुसरा आग्रह होता उन्हापासून जपण्याचा. गोऱ्या समाजात टॅनिंगची फॅशन आली तरी तिने तो सोडला नाही. आजच्या साध्या रुटीनमध्येही सकाळी चेहरा धुणं, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच असतं. रात्री सनस्क्रीन वगळायचं. नवीन वस्तू एका वेळी एकच आणावी, आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघावी. लॅनोलिनसुद्धा काहींना सोसत नाही.

धंद्यात मात्र ती भल्याभल्यांना भारी पडली. १९२८ मध्ये तिने अमेरिकेतला व्यवसाय लेहमन ब्रदर्सला ७३ लाख डॉलर्सना विकला. वर्षभरात शेअर बाजार कोसळला आणि तोच व्यवसाय तिने पुढे कितीतरी कमी किमतीत परत घेतला. पुढे न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवर ज्यू म्हणून फ्लॅट नाकारला, तेव्हा तिने अख्खी इमारतच विकत घेतली. नाझींच्या हातून तिची एक बहीण मात्र वाचली नाही.

१ एप्रिल १९६५ रोजी, ९२ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ती गेली. १९८८ मध्ये तिची कंपनी लॉरियलने घेतली. कार्पेथियनच्या त्या दुर्मीळ वनस्पतींचं नाव आता कुणी काढत नाही. मेंढीचं लॅनोलिन मात्र आजही कित्येक लिप बामच्या डबीवर, घटकांच्या यादीत सापडतं.