हद्दपार कवीचा नरक

घरात कुणी गेले की दहा-बारा दिवस गरुडपुराण लावायचे, ही रीत आपल्या धरमपेठेतल्या जुन्या घरांना नवी नाही. यमलोकाची वाट, वैतरणी, पाप्यांच्या यातना आपण तिथे ऐकतो. अशाच परलोकाच्या प्रवासाचे महाकाव्य सातशे वर्षांपूर्वी इटलीत दान्ते अलिगिएरी याने लिहिले, आणि तेही स्वतः शिक्षा भोगत असताना.

दान्ते १२६५ मध्ये फ्लॉरेन्सला जन्मला. नवव्या वर्षी त्याने बिआत्रिचे ही मुलगी पाहिली आणि ती मनातून कधी गेलीच नाही. लग्न मात्र जेम्मा दोनातीशी झाले. (या जेम्माबद्दल त्याने साऱ्या लेखनात अवाक्षर काढले नाही, हे आमच्या गृहिणींना खटकेल. खटकावेच!) बिआत्रिचे १२९० मध्ये वारली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली ती याच वर्षी. पंडितांची भाषा बाजूला ठेवून ज्ञानदेव मराठीत बोलले, तसे दान्तेनेही लॅटिन सोडून हे काव्य लोकांच्या बोलीत रचले.

१३०० साली तो दोन महिने नगराचा कारभारी होता. भांडणाऱ्या दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना तेव्हा हद्दपार केले गेले. त्यांत त्याचा जिवलग मित्र, कवी ग्विदो काव्हालकान्तीही होता. पुढे फासे उलटले. १३०२ मध्ये विरोधकांनी दान्तेवरच लाचखोरीचा आळ घेतला. शहरात सापडला तर जिवंत जाळावे, असा निकाल झाला.

असा माणूस नरक लिहायला बसला तर शत्रूंना आगीत लोटणारच. दान्तेनेही लोटले. पण आपल्याला गुरुस्थानी असलेल्या ब्रुनेत्तो लातिनीलाही त्याने तिथेच ठेवले, आणि त्याच्याशी आदराने मान लववून बोलला. त्याच्या नरकात शिक्षा बाहेरून येत नाही. पापच आपले खरे रूप दाखवते. वासनेच्या वाऱ्यावर वाहवलेले प्रेमिक तिथे वावटळीत भिरभिरतात. भविष्य सांगणाऱ्यांच्या माना पाठीकडे फिरलेल्या असतात. आणि अगदी तळाशी, विश्वासघातक्यांसाठी, आग नाहीच. तिथे बर्फ आहे. पुढच्या शुद्धीच्या पर्वतावर मत्सरी जिवांचे डोळे तारेने शिवलेले दिसतात. दुसऱ्याचे बरे ज्यांना पाहवले नाही, त्यांना आणखी काय दाखवायचे?

या वाटेवर त्याचा हात धरतो तो रोमन कवी व्हर्जिल, म्हणजे माणसाची विवेकबुद्धी. पण ख्रिस्तापूर्वी जन्मल्यामुळे त्याला स्वर्गाचे दार बंद! हे दान्तेला सलत असावे. कारण स्वर्गात पोचल्यावर तो विचारतो: सिंधू नदीच्या काठी जन्मलेला, ख्रिस्ताचे नावही न ऐकलेला, पण निष्पाप जगलेला माणूस दोषी कसा? म्हणजे आपल्याच मुलखाची चौकशी. उत्तर मिळते ते असे की, ईश्वरी न्याय माणसाच्या नजरेपलीकडचा आहे. मात्र ख्रिस्ताचा जप करणारे कित्येक जण निवाड्याच्या दिवशी त्या परक्या माणसाहूनही दूर राहतील. स्वतः अन्यायी निकाल सोसलेल्या कवीने हा प्रश्न थेट स्वर्गात नेला, हे मला त्याच्या सगळ्या यातनाचित्रांहून मोठे वाटते.

१३१५ मध्ये अटी घालून माफी देऊ केली गेली. अपमान पत्करून परतायला त्याने नकार दिला. १३२१ मध्ये राव्हेन्नाला तो वारला. फ्लॉरेन्सने पुढे त्याच्यासाठी भव्य समाधी बांधली, पण ती रिकामीच आहे. अस्थी राव्हेन्नाने दिल्या नाहीत. शिक्षा रद्द करण्याचा ठराव फ्लॉरेन्सच्या नगरसभेने केला तो २००८ मध्ये. दरवर्षी सप्टेंबरात त्याच्या थडग्यावरच्या दिव्यासाठी तेल मात्र फ्लॉरेन्सहून जाते.