लोकमान्य आणि राजद्रोहाचे कलम

१ ऑगस्ट हा लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा पुण्यदिन. त्यांचे समग्र चरित्र या अल्प जागेत सांगणे शक्य नाही. म्हणून दंडसंहितेच्या एका कलमाशी त्यांनी वीस वर्षे दिलेली झुंज, एवढाच भाग आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. ते कायद्याचे पदवीधर होते. परंतु वकिली न करता त्यांनी सहकाऱ्यांसह शाळा काढली आणि १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना व आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. छापलेल्या शब्दाची किंमत त्यांना तेव्हाच कळून चुकली.

भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १८७० साली तीत १२४-अ हे कलम घालण्यात आले. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा त्याअन्वये गुन्हा ठरला व त्यास जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा सांगितली गेली. आता प्रीती व अप्रीती ही मनाची अवस्था. ती मोजावी कोणत्या मापाने?

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. घरोघरी शिरून तपासणी करणाऱ्या सोजिरांच्या जुलमावर 'केसरी'ने कठोर टीका केली. १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आला आणि आठवड्याच्या आतच, २२ जूनला, प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांना पकडण्यात आले. मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. सहा युरोपियनांनी दोषी व तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एवढ्यावर सरकार थांबले नाही. १८९८ साली कायदा दुरुस्त करून द्वेष व तिरस्कार हे शब्दही त्यात घालण्यात आले.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर दडपशाहीच अशा कृत्यांचे मूळ आहे, असे 'केसरी'ने लिहिले. पुन्हा तेच कलम! या वेळी न्यायासनावर न्या. दावर होते, १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी त्यांनीच वकिली केली होती. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. ते एकवीस तासांहून अधिक बोलले. सरकारी भाषांतरात मराठी शब्दांचे अर्थ कसे विपरीत झाले आहेत, हे त्यांनी एकेक शब्द घेऊन दाखविले. लेख मराठीत आणि निवाडा मात्र भाषांतरावरून, ही त्या खटल्यातील खरी विटंबना होती. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. तेथेच १९१२ साली पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. अंत्यदर्शनही घडले नाही. घरोघरी पूज्य मानल्या जाणाऱ्या त्या ग्रंथामागे हे दुःखही आहे, याचा विसर पडू नये.

तिसरा प्रसंग आपल्या बेळगावाशी निगडित आहे. १९१६ साली येथेच होमरूल लीगची स्थापना झाली. येथील एका आणि अहमदनगरच्या दोन भाषणांवरून टिळकांकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. ती नोटीस त्यांच्या साठाव्या वाढदिवशीच बजावली गेली. हायकोर्टात बॅ. जीना यांनी त्यांची बाजू मांडली. न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी भाषणे समग्र वाचली, सुटी वाक्ये ओढूनताणून अर्थ लावण्यासाठी घेतली नाहीत, आणि तो हुकूम रद्द केला. कलम तेच, वक्ते तेच. वाचण्याची रीत तेवढी न्याय्य झाली.

१९२० साली लोकमान्य निवर्तले. कलम मात्र उरले. स्वतंत्र भारतात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंसेस वा अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरते ते मर्यादित केले, २०२२ साली त्याचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी निराळे कलम आहे.

कायद्याची अक्षरे बदलतात. पण दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून, त्याच्याच भाषेतील अर्थाने समजून घ्यावे आणि मगच दोष द्यावा, हा धडा जुना होत नाही. न्यायासनाइतकाच तो आपल्या घरांना व सभांनाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.