ग्रेस हॉपरबाई

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. लहानपणी आत काय असतं ते बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळे खोलली. मग आईने एकच घड्याळ खोलायची परवानगी दिली. आमच्या घरी एवढ्यावर भागलं नसतं!

त्या १९३४ साली येल विद्यापीठात गणिताच्या डॉक्टर झाल्या. नंतर कॉलेजात शिकवायच्या. महायुद्धात, १९४३ साली त्या आरमारात गेल्या. वजन कमी भरलं तरी हट्ट सोडला नाही. तिथे त्यांना मार्क-वन या गणितयंत्रावर काम मिळाले. ते यंत्र ५१ फूट लांब होते.

यंत्राला फक्त आकडे कळत. लोक जुन्या वहीतले तुकडे बघून नव्या कामासाठी उतरवून काढत आणि उतरवताना चुका होत. आपल्या पण फळ्यावरचं उतरवताना होतात. बाईंना वाटले, हे काम यंत्रालाच का देऊ नये? त्यांनी प्रत्येक तुकड्याला नंबर दिला व तुकडे टेपवर ठेवले. नंबर सांगितला की यंत्र तो तुकडा शोधून आणी व जोडी. हा कंपायलर १९५२ साली चालू झाला. पण यंत्राला फक्त हिशेबच येतो असे समजून लोक तो वापरीनात. बाई मागे हटल्या नाहीत. पुढे १९५९ साली कोबोल भाषा करायला घेतली, तिला बाईंच्याच भाषेचा आधार होता.

माझा मामा पुण्याला सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ राहतो. तो प्रोग्रॅम लिहितो. रात्री तो झोपतो, पण मशीन त्याने दिलेली कामांची यादी वाचून एकेक काम करतं. यादीत कंपायलरला बोलवायची एक ओळ असते. तो कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता बरोबर लागतो. पत्ता चुकला, नाहीतर कंपायलरला प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, की यादी तिथंच थांबते. सकाळी मामाला लाल अक्षरं दिसतात. मला वाटतं थांबते तेच बरं, नाहीतर चुकीचा प्रोग्रॅम लोकांकडे गेला असता.

हॉपरबाई १९८६ साली, ७९ व्या वर्षी आरमारातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी वारल्या. त्या भाषणात लोकांना तारेचे तुकडे वाटायच्या. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश तेवढाच जातो, सुमारे ३० सेंटिमीटर. कंपासपेटीतल्या दोन पट्ट्या जोडल्या की तेवढं होतं. मी तेवढी सुतळी कापून या कागदाशेजारी लावली आहे, ती बघा.