लॉर्ड रदरफर्ड आणि अणूचें केंद्रक

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अणूचें एक चित्र असतें. मध्यें लहानसा ठिपका व त्याभोंवतीं फिरणारे इलेक्ट्रॉन. विद्यार्थी तें परीक्षेपुरतें पाठ करितात व विसरून जातात. त्या मधल्या ठिपक्यास केंद्रक म्हणतात. तो तेथें आहे हें ज्या पुरुषानें दाखवून दिलें, त्याचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

अर्नेस्ट रदरफर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजीं न्यूझीलंडमधील नेल्सन शहराजवळ ब्राइटवॉटर या गांवीं झाला. वडील गाड्यांचीं चाकें करणारे कारागीर. पुढें त्यांनीं शेती व वाखाची गिरणी चालविली. मातुःश्री लग्नापूर्वीं शिक्षिका होत्या. बारा भावंडांत अर्नेस्ट हे चौथे. अशा कुटुंबांतील मुलाचें उच्च शिक्षण शिष्यवृत्तीवांचून होणें कठीणच होतें, आणि रदरफर्ड यांनीं एकामागून एक शिष्यवृत्त्या मिळविल्या. इंग्लंडास जाण्याची शिष्यवृत्ती मात्र प्रथम दुसऱ्याच उमेदवारास मिळाली होती. त्यानें ती सोडली, म्हणून १८९५ सालीं रदरफर्ड केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत जे. जे. टॉमसन यांच्या हाताखालीं दाखल झाले.

१८९८ सालीं ते कॅनडांतील माँट्रिअल येथें प्राध्यापक झाले. तेथें फ्रेडरिक सॉडी यांच्या साहाय्यानें त्यांनीं सिद्ध केलें कीं, किरणोत्सर्गी मूलद्रव्य आपोआप पालटून दुसरें मूलद्रव्य बनतें. या कार्याबद्दल १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें रसायनशास्त्राचें! हाडाच्या भौतिकशास्त्रज्ञाचें असें एकाएकी झालेलें रूपांतर पाहून स्वतः रदरफर्ड यांसही मौज वाटली.

त्यापूर्वीं १९०७ सालीं ते मँचेस्टरला आले होते. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी गोष्ट येथेंच घडली. त्या काळीं टॉमसन यांचें मत असें होतें कीं, अणु म्हणजे धनविद्युतेचा एक गोळा असून त्यांत इलेक्ट्रॉन विखुरलेले आहेत. रव्याच्या लाडवांत बेदाणे असावेत तसे. रदरफर्ड यांचे सहकारी हान्स गायगर हे आल्फा कणांचा अभ्यास करीत. हे कण सेकंदास सुमारें दहा हजार मैल वेगानें धांवतात. ते धातूच्या अतिशय पातळ वर्खावर सोडले असतां आरपार जात व थोडेसेच वळत. अर्नेस्ट मार्सडेन नांवाचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी तेथें शिकत होता. त्यास कांहीं लहानसें काम द्यावें म्हणून, एखादा कण मागें फिरतो काय हें पाहण्यास रदरफर्ड यांनीं सांगितलें. कांहीं निष्पन्न होईल अशी त्यांची मुळींच अपेक्षा नव्हती.

काम दिसावयास सोपें, पण मोठें कष्टाचें. काळोख्या खोलींत बसून डोळे अंधारास सरावेपर्यंत थांबावयाचें. मग सूक्ष्मदर्शकांतून जस्ताच्या एका क्षाराच्या पडद्याकडे टक लावून, कण आदळतांच क्षणभर चमकणारे ठिपके मोजावयाचे. रदरफर्ड यांस एवढा धीर नव्हता. तें काम ते गायगरवर सोंपवीत! १९०९ सालीं गायगर व मार्सडेन यांस आढळून आलें कीं, सुमारें आठ हजारांत एक कण खरोखर मागें फिरतो.

आठ हजारांत एक! एवढीशी विसंगति मोजण्यांतील चूक म्हणून सोडून देणारे पुष्कळ निघाले असते. रदरफर्ड यांनीं तिचा पिच्छा दीड-दोन वर्षें सोडला नाहीं. लाडवासारख्या मऊ अणूंतून इतका वेगवान कण परत येणें शक्य नाहीं. तेव्हां अणूची सारी धनविद्युत् व बहुतेक सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म जागीं एकवटलेलें असलें पाहिजे, असें गणित करून १९११ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. सोन्याचा अणु दोनशें वारांच्या मैदानाएवढा मानिला, तर त्याचें केंद्रक करवंदाएवढें भरेल. बाकी सारें मैदान इलेक्ट्रॉनांवांचून मोकळें. पुढील वर्षीं त्यांनीं या भागास न्यूक्लिअस हें नांव वापरलें. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ फळांतील गर किंवा बी. हा शब्द वनस्पतिशास्त्रांत आधींच रूढ होता. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यांनीं ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोल कणास तोच दिला होता. एकाच नांवाच्या या दोन वस्तूंत आकाराचें अंतर मात्र प्रचंड आहे. पेशीच्या एका केंद्रकांत अणूंचीं केंद्रकें अब्जावधि असतात.

मग १९१४ चें महायुद्ध आलें. ज्या दोघांनीं एका खोलींत ठिपके मोजले, ते परस्परांविरुद्धच्या सैन्यांत गेले. गायगर जर्मन तोफखान्यांत, मार्सडेन ब्रिटिश फौजेंत. रदरफर्ड यांचा अत्यंत हुशार शिष्य हेन्री मोझले १९१५ सालीं गॅलिपोली येथें गोळी लागून पडला. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. ही हानि मोजावयास कोणतेंही यंत्र नाहीं.

१९१९ सालीं रदरफर्ड यांनीं आल्फा कणांच्या माऱ्यानें नायट्रोजनच्या केंद्रकांतून हायड्रोजनचें केंद्रक बाहेर काढल्याचें जाहीर केलें, व त्याच वर्षीं ते कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. केंद्रकांत विद्युत् नसलेला कण असावा हें त्यांचें १९२० चें भाकीत चॅडविक यांनीं १९३२ सालीं खरें केलें. कन्या आयलीन १९३० सालीं वारली. तें दुःख ताजें असतांनाच त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. हिटलरच्या राज्यांतून हांकलून दिलेल्या विद्वानांस आश्रय मिळवून देण्यासाठीं त्यांनीं शेवटचीं वर्षें झटून काम केलें. अणूच्या रूपांतरांतून उपयोगी शक्ति मिळेल ही आशा पोकळ आहे, असें १९३३ सालीं ते बोलले होते. आज त्यास कोणी हंसतील. परंतु तेव्हां मिळणाऱ्या शक्तीहून खर्च होणारी शक्तीच फार अधिक होती, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. युरेनियमच्या केंद्रकाचें विभाजन १९३८ सालीं उघडकीस आलें, आणि १९४५ सालीं हिरोशिमावर बाँब पडला. दोन्ही गोष्टी पाहावयास ते उरले नव्हते.

जानेवारी १९३८ मध्यें कलकत्त्यास भरणाऱ्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे ते नियोजित अध्यक्ष होते. परंतु १९ ऑक्टोबर १९३७ रोजीं केंब्रिज येथें अंतर्गळाच्या विकारानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि वेस्टमिन्स्टर ॲबेंत न्यूटनच्या समाधीजवळ ठेविल्या आहेत. कलकत्त्याच्या अधिवेशनांत अध्यक्षस्थानीं सर जेम्स जीन्स बसले.