बेडी आणि व्रत : संत जोसेफिन बखिता ह्यांची जीवनकथा

दरवर्षी ८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता ह्यांचे स्मरण करते. गुलामगिरीत पिचलेली एक आफ्रिकन मुलगी पुढे धर्मभगिनी झाली आणि संतपदाला पोहोचली, एवढी माहिती आपल्यापैकी पुष्कळांना असते. परंतु त्यांच्या जीवनातील एका प्रश्नाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. न्यायालयाने ज्या स्त्रीला मुक्त केले, तिने काही वर्षांतच आज्ञापालनाचे व्रत घेऊन स्वतःला आपणहून का बांधून घेतले? एका बंधनातून सुटून ती दुसऱ्या बंधनात गेली, असे म्हणायचे काय? देवाच्या आज्ञा, विवाहाची शपथ, रविवारची मिस्सा हे सारे ज्यांना आज जाच वाटते, त्यांच्यासाठी ह्या प्रश्नाचे उत्तर मोलाचे आहे. म्हणून ती जीवनकथा आपण जरा सविस्तर पाहू या.

सुदान देशाच्या पश्चिमेला दारफुर नावाचा प्रांत आहे. तेथील ओल्गोसा ह्या गावी सुमारे १८६९ साली एका सुखवस्तू कुटुंबात ह्या मुलीचा जन्म झाला. आईवडील आणि भावंडे ह्यांच्या सहवासात तिचे बालपण आनंदात चालले होते. तिच्या थोरल्या बहिणीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आधीच पळवून नेले होते. पुढे सात-आठ वर्षांची असताना तिच्यावरही तोच प्रसंग ओढवला. शेतावर गेलेल्या ह्या मुलीला दोघा सशस्त्र माणसांनी उचलले आणि तिचे घर तिला कायमचे अंतरले. त्या धक्क्याने ती स्वतःचे नावही विसरून गेली. आईवडिलांनी ठेवलेले ते नाव तिला पुन्हा कधीच आठवले नाही. बखिता हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले. त्याचा अर्थ भाग्यवान असा होतो, आणि हे नाव ठेवण्यात केवढी क्रूर थट्टा होती, हे सांगायला नको.

शेकडो किलोमीटर अनवाणी चालवत तिला एल ओबेद ह्या शहरी नेण्यात आले. वाटेत एकदा दुसऱ्या एका मुलीबरोबर ती निसटली, पण पुन्हा पकडली गेली. ती अनेकदा विकली गेली. एका घरी तिच्या हातून एक भांडे फुटले, तेव्हा मालकाच्या मुलाने तिला इतके मारले की सुमारे महिनाभर ती अंथरुणातून उठू शकली नाही. पुढे ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी आली. त्या घरच्या स्त्रियांनी आपल्या मालकीची खूण म्हणून तिच्या अंगावर नक्षी काढवून घेतली. पिठाने आकृत्या आखल्या, चाकूने त्या कोरल्या आणि व्रण कायम राहावेत म्हणून जखमांत मीठ चोळले. असे एकशे चौदा व्रण तिने आयुष्यभर अंगावर वागवले.

सुमारे १८८३ साली खार्टुम येथे इटलीचे उपवाणिज्यदूत कॅलिस्टो लेग्नानी ह्यांनी तिला विकत घेतले. ह्या घरी तिला मार मिळाला नाही, अंगभर कपडे मिळाले आणि कित्येक वर्षांनी प्रथमच शांतता लाभली. राजकीय उठावामुळे लेग्नानी मायदेशी निघाले, तेव्हा मलाही बरोबर न्या, अशी विनवणी तिने केली. १८८५ साली ती इटलीत पोहोचली. तेथे लेग्नानी ह्यांनी तिला आपल्या परिचयाच्या मिकिएली कुटुंबाच्या हवाली केले. व्हेनिसजवळील झियानिगो ह्या गावी ती त्यांच्या मिम्मिना नावाच्या मुलीची दाई झाली. त्या बाळाला तिने पोटच्या मुलीसारखे जपले.

ह्याच घराचा कारभार पाहणाऱ्या इलुमिनातो केक्किनी नावाच्या एका श्रद्धावंत गृहस्थांनी तिला चांदीचा एक छोटा क्रूस दिला. क्रूसावरचा तो माणूस कोण, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. पण त्यालाही मारले होते, त्याच्याही अंगावर व्रण होते, एवढे तिला दिसत होते. तो क्रूस तिने जपून ठेवला.

१८८८ च्या अखेरीस मिकिएली बाईंना पतीच्या व्यवसायासाठी तांबड्या समुद्रावरील सुआकिन बंदरी जावे लागले. मिम्मिना आणि बखिता ह्यांना त्यांनी व्हेनिस येथील कनोसा संस्थेच्या धर्मभगिनींकडे ठेवले. संत मॅग्डालेन कनोसा ह्यांनी १८०८ साली वेरोना येथे गोरगरीब मुलींसाठी स्थापन केलेली ही संस्था मुंबईतील माहीम आणि अंधेरी येथील शाळांमुळे आपल्याही परिचयाची आहे. त्या धर्मभगिनींनी बखिताला देवाविषयी शिकवले. लहानपणी सूर्य, चंद्र आणि तारे पाहून ह्या सर्वांचा धनी कोण असेल, असा प्रश्न तिला पडत असे. त्या धन्याचे नाव तिला आता कळले. व्हेनिसच्या बोलीत धन्याला पारोन म्हणतात. आजवर तिला माहीत असलेले सारे धनी तिला विकणारे, मारणारे किंवा फार तर वापरणारे होते. आता तिला कळले की सर्व धन्यांच्या वर असलेला हा धनी तिला ओळखतो, तिच्यावर प्रेम करतो आणि त्याने स्वतः चाबकाचे फटके सोसले आहेत.

पुढे मिकिएली बाई मुलीला आणि बखिताला नेण्यासाठी परत आल्या, तेव्हा बखिताने जायला नकार दिला. आयुष्यात प्रथमच ती कुणा मालकिणीला नाही म्हणाली. हा नकार सोपा नव्हता. बाई रागावल्या, कृतघ्नपणाचा दोष देऊ लागल्या. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे मिम्मिनाची ताटातूट. त्या मुलीखेरीज बखिताला जिवाचे असे कुणीही नव्हते. पण बाईंबरोबर गेल्यास देवाला मुकावे लागेल, अशी तिला भीती होती. प्रकरण न्यायालयात गेले. व्हेनिसचे पॅट्रिआर्क कार्डिनल आगोस्तिनी ह्यांनी तिची बाजू उचलून धरली. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला. इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नव्हता, त्यामुळे बखिता स्वतंत्र होती. कुठे राहायचे आणि काय करायचे, हे आता तिने ठरवायचे होते. तिने धर्मभगिनींकडे राहायचे ठरवले.

९ जानेवारी १८९० रोजी कार्डिनल आगोस्तिनी ह्यांच्या हस्ते तिला स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही संस्कार मिळाले. जोसेफिन हे तिचे नवे नाव. पुढील काळात त्या स्नानकुंडाचे चुंबन घेत आणि आपण येथेच देवाचे लेकरू झालो, असे सांगत. १८९३ साली त्यांनी कनोसा संस्थेच्या नवशिष्यालयात प्रवेश केला आणि ८ डिसेंबर १८९६ रोजी व्रते घेतली.

येथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. बेडी आणि व्रत, दोन्ही माणसाला बांधतात. मग फरक कोणता? बेडी दुसरा कुणीतरी घालतो आणि स्वतःच्या फायद्यासाठी घालतो. बेडीतील माणसाला नाव नसले तरी मालकाचे अडत नाही. व्रताचे तसे नाही. नाही म्हणण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्याच होकाराला व्रत म्हणता येते. म्हणूनच १८८९ चा न्यायनिर्णय १८९६ च्या व्रतांच्या आधी यावा लागला. आधी सुटका आणि मग आज्ञा, हा देवाचाच क्रम आहे. निर्गमच्या पुस्तकात दहा आज्ञा सांगण्यापूर्वी परमेश्वर इस्राएल लोकांना आठवण करून देतो की मिसर देशाच्या दास्यातून आपणच त्यांना बाहेर काढले आहे. फारोच्या बेड्या तोडून मगच तो सीमा आखून देतो, कारण सुटलेल्या माणसाने पुन्हा कुणाचा गुलाम होऊ नये आणि दुसऱ्याला गुलाम करू नये. खाजणातील शेताचा बांध भाताची वाट अडवत नाही. तो खाडीचे खारे पाणी बाहेर ठेवतो, म्हणून आत भात पिकते.

ह्याच कारणाने एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. देवाच्या सीमांत स्वातंत्र्य आहे, हे सत्य दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी वापरले जाऊ शकते. मार खाणाऱ्या पत्नीला किंवा राबवून घेतल्या जाणाऱ्या मोलकरणीला सोसणे हीच देवाची इच्छा आहे असे सांगणारा माणूस बेडीला व्रताचे नाव देतो. बखितांना धर्मभगिनींनी मालकिणीकडे परत जायला सांगितले नाही. त्यांनी तिच्या बाजूने उभे राहून न्याय मागितला. आपल्या धर्मग्रामांनीही तेच करायला हवे.

१९०२ साली सिस्टर बखितांची नेमणूक उत्तर इटलीतील स्कियो गावच्या मठात झाली आणि उरलेले बहुतेक आयुष्य त्यांनी तेथेच घालवले. त्यांनी स्वयंपाक केला, शिवण आणि भरतकाम केले, वेदीची तयारी पाहिली, दार उघडण्याचे काम केले. कामे पाहिली तर ती दासीची वाटावीत अशीच होती. पण आता ती कुणाच्या धाकाने होत नव्हती. गावातील मुले त्यांना प्रेमाने सावळी माता म्हणत. वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि १९३१ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्यांना इटलीत ठिकठिकाणी बोलवण्यात येऊ लागले. लाजाळू स्वभावामुळे हे त्यांना जड गेले, तरी त्यांनी ते केले. आपल्याला पळवणारे आणि छळणारे लोक भेटले तर गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेईन, असे त्या म्हणत, कारण ते घडले नसते तर आपण ख्रिस्ती झालो नसतो. ह्याने त्या लोकांचे पाप पुण्य ठरत नाही. त्यांच्याविषयीचा द्वेषही बखितांना बांधून ठेवू शकला नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

अखेरची वर्षे त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढली. भेटीला आलेल्या एका महागुरूंनी त्या खुर्चीत बसून काय करता, असे विचारले. तुम्ही करता तेच, म्हणजे देवाची इच्छा पूर्ण करते, असे उत्तर त्यांनी दिले. शेवटच्या आजारात भ्रमाच्या भरात गुलामगिरीचे दिवस त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहिले. साखळ्या जड आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला करत. सत्तर वर्षांपूर्वीच्या बेड्यांचा भार देहाला अजून आठवत होता. व्रतांचा भार वाटल्याची तक्रार मात्र कुणी ऐकली नाही. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी पवित्र मरियेचे नाव घेत त्यांनी देह ठेवला.

परमगुरू दुसरे जॉन पॉल ह्यांनी १७ मे १९९२ रोजी त्यांना धन्य आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संत म्हणून घोषित केले. परमगुरू सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००७ सालच्या आशेविषयीच्या आपल्या विश्वपत्राच्या आरंभीच त्यांचे उदाहरण दिले. २०१५ पासून त्यांचा सणाचा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा आणि जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो, कारण त्यांना ज्या वाटेने चालवले गेले, ती वाट अजून बंद झालेली नाही.

आपल्यालाही धनी निवडावा लागतो. पैसा, व्यसन, लोकांची वाहवा, स्वतःचा राग हे सारे धनी होण्यास टपलेलेच असतात आणि त्यांच्या सेवेत माणूस स्वतःचे नाव विसरतो. देव मात्र आपल्याला आपल्या नावाने हाक मारतो. त्याच्या आज्ञांकडे पुन्हा एकदा मोकळ्या मनाने पाहू या. जे कुणी आज खऱ्याखुऱ्या बेड्यांत आहेत, त्यांच्या सुटकेसाठी प्रार्थना करू या आणि आपल्या शेजारी तसे कुणी असेल तर त्याच्या बाजूने उभे राहू या. संत जोसेफिन बखिता, आम्हासाठी विनंती कर.