वांग्याची पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याचं बारसं 1775 साली झालं, आणि ते करणारा माणूस कधी भारतात आलाच नव्हता

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात वांग्याच्या वावरात गेलात, तर एक गोष्ट हमखास दिसेल. काही पानांची जाळी झालेली असते. शिरा तेवढ्या शिल्लक, मधला हिरवा भाग खरवडून फस्त. पान उलटं केलं की खाली पिवळ्या, काटेरी अळ्या आणि लालसर पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा गोल भुंगेरा सापडतो. शेतीच्या पुस्तकात याला हड्डा किंवा एपिलॅक्ना भुंगेरा म्हणतात.

त्याच वावरात तसाच गोल, तसाच रंगीत दुसरा भुंगेराही असतो. तो म्हणजे ढालकिडा. हा पानाला तोंड लावत नाही, मावा खातो. म्हणजे एक शत्रू, एक मित्र, आणि दोघं एकाच कुळातले. घाईत फवारणी झाली की दोघंही मरतात. मित्र मेला की मावा वाढतो आणि परत फवारणी करावी लागते.

यात गंमत अशी की हड्ड्याला शास्त्रीय नाव देणारा आणि आपल्याकडच्या एका नेहमीच्या ढालकिड्याला नाव देणारा माणूस एकच आहे. योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस.

फॅब्रिशियसचा जन्म 7 जानेवारी 1745 चा, टोंडर गावचा. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील डॉक्टर. पोरगा 1762 साली कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि त्याच वर्षी मित्राबरोबर स्वीडनमधल्या उप्साला इथं गेला. कारण तिथं शिकवत होते कार्ल लिनियस. प्रत्येक जीवाला दोन शब्दांचं लॅटिन नाव देण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली, तेच हे लिनियस. फॅब्रिशियस दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला.

तिथून परतल्यावर तो एका पुस्तकाच्या मागे लागला. माहीत असलेले सगळे कीटक एका व्यवस्थेत बसवायचे, असा बेत. कमाई फारशी नाही, बराच काळ घरखर्च वडिलांच्या पैशावर. शेवटी 1775 साली ‘सिस्टेमा एंटोमोलॉजी’ छापून झालं. आपला वांग्यावरचा भुंगेरा याच पुस्तकात पहिल्यांदा शास्त्राच्या दप्तरी आला. नाव मिळालं कॉक्सिनेला विजिंटिऑक्टोपंक्टाटा. शब्द जिभेला जड आहे, पण अर्थ अगदी सरळ, अठ्ठावीस ठिपक्यांचा. एकेका पंखावर चौदा.

मग भारतातला किडा युरोपात बसलेल्या या माणसापर्यंत पोहोचायचा कसा?

आजच्या तमिळनाडूतलं तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1768 साली तिथं योहान कोनिग नावाचा डॉक्टर आला. तोही लिनियसचाच विद्यार्थी. रुग्ण तपासता तपासता तो झाडं आणि किडे गोळा करायचा आणि युरोपला पाठवायचा. फॅब्रिशियसने कपाशीवरच्या लाल ढेकणाला याच कोनिगचं नाव दिलं. खानदेशात कपाशी वेचणाऱ्यांना हा ढेकूण चांगलाच ठाऊक आहे. त्याच्या शास्त्रीय नावात तो डॉक्टर आजही आहे.

दुसरा रस्ता लंडनचा. जोसेफ बँक्स, ड्रू ड्रुरी अशा श्रीमंत हौशी लोकांकडे जगभरातून आणलेल्या किड्यांची कपाटं भरलेली होती. फॅब्रिशियस उन्हाळ्यात लंडन गाठायचा, एकेक पेटी उघडायची, टाचणीवरचा किडा निरखायचा आणि लॅटिनमध्ये दोन-चार ओळी लिहायच्या. झाली नवी प्रजाती. ऐकायला सोपं वाटतं. पण हे त्याने आयुष्यभर केलं आणि आकडा गेला 9,776 कीटकांवर. त्याच्या गुरूने, खुद्द लिनियसने, सुमारे 3,000 कीटकांना नावं दिली होती. आपली सातेरी माशी, आग्या मोहोळाची माशी आणि लहान फुलोरी माशी, या तिघींची शास्त्रीय नावंही फॅब्रिशियसचीच.

नुसता आकडा मोठा म्हणून त्याला मोठं म्हणायचं कारण नाही. त्याची खरी कल्पना वेगळी होती. लिनियसने कीटकांची विभागणी मुख्यतः पंख बघून केली होती. फॅब्रिशियसचं म्हणणं पडलं की तोंड बघा. किडा कुरतडतो की शोषतो, त्याचे जबडे कसे आहेत, यावरून त्याचे खरे नातलग कळतात. याच पद्धतीतून त्याने चतुर आणि टाचणी यांच्या गटाला दिलेलं ओडोनाटा हे नाव आजही चालतं.

आता इथं खरी मेख आहे. 1781 साली त्याने पिवळसर पाठीवर नागमोडी काळी नक्षी असलेल्या, मावा खाणाऱ्या ढालकिड्याला नाव दिलं, कॉक्सिनेला सेक्समॅक्युलाटा. म्हणजे वांगं खाणारा आणि मावा खाणारा, दोघं एकाच कॉक्सिनेला वंशात टाकले. तोंड बघा म्हणणाऱ्या माणसाकडून या दोघांच्या तोंडातला फरक सुटला! हड्ड्याच्या जबड्याला पान खरवडायला अनेक दात असतात, तर ढालकिड्याचा जबडा शिकार पकडायला बनलेला असतो. पण माझ्या मते याचा फार दोष त्याला देता येत नाही. किडा जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याचा जबडा केवढा असणार, आणि भिंग अठराव्या शतकातलं. शिवाय मेलेला, वाळलेला किडा काय खात होता हे टाचणी सांगत नाही.

पान खाणाऱ्यांचा एपिलॅक्ना हा वेगळा वंश 1830 च्या दशकात झाला आणि 1961 साली त्यातून हेनोसेपिलॅक्ना वेगळा निघाला. पण नियम असा की प्रजातीला आधी दिलेलं नाव टिकतं. म्हणून वंश बदलत गेला तरी विजिंटिऑक्टोपंक्टाटा तसंच राहिलं. पुढे फॅब्रिशियस आणि 1775 हे कंसात लिहितात. हा कंस म्हणजे नाव यांनी दिलं, घर मात्र नंतर बदललं.

ठिपक्यांचं म्हणाल तर तिथं फसायला होतं. एकाच प्रजातीत कुणाला 28, कुणाला त्याहून बरेच कमी. म्हणून आज अशा भुंगेऱ्याची नवी प्रजाती सांगायची तर दोन ओळी पुरत नाहीत. प्रजनन अवयवांची रचना, अळीचं रूप, कोणत्या झाडावर जगतो, डीएनए काय सांगतो, हे शक्य तितकं मांडतात आणि एक मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो.

इतका खटाटोप कशासाठी? 2010 साली हा भुंगेरा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सापडला. नाव पक्कं झाल्याबरोबर भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची त्याच्यावरची सगळी माहिती तिथल्या लोकांना मिळाली. उलट बाजूचं उदाहरणही आहे. एपिलॅक्नाच्या अळ्यांमध्ये अंडी घालून त्यांना मारणारी एक बारीक गांधीलमाशी भारतात आढळते. 1960 च्या दशकात ती अमेरिकेत नेली गेली, तिथल्या घेवड्यावरच्या भुंगेऱ्यासाठी. दोन्ही भुंगेरे जवळचे नातलग आहेत हे कळलेलं होतं, म्हणूनच हे सुचलं.

वावरात ओळखायचं असेल तर पाठ बघा. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट दिसतो. ढालकिड्याची पाठ चकाकते. हड्ड्याची अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची आणि सुस्त. मित्राची अळी काळसर, लांबट आणि पळणारी.

फॅब्रिशियसकडे परत येऊ. 1775 सालीच तो कील विद्यापीठात निसर्गविज्ञान आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. संग्रहालय देऊ, वनस्पती उद्यान देऊ अशी आश्वासनं होती. ती काही पुरी झाली नाहीत. त्याने अनेकदा राजीनामा द्यायचा प्रयत्न केला. विद्यार्थ्यांनीच वरपर्यंत गाऱ्हाणं नेऊन त्याला थांबवून धरलं.

उतारवयात तो बराच काळ पॅरिसमध्ये असायचा. कुव्हिए, लात्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांत ऊठबस होती. 1807 साली इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या. ज्या देशात त्याचे कितीतरी उन्हाळे किडे बघण्यात गेले, त्याच देशाने तो जिथं शिकला ते शहर भाजून काढलं. बातमी कळताच तो घाईने कीलला परतला आणि 3 मार्च 1808 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी, तिथंच वारला.

त्याने तपासलेले किडे आज एका जागी नाहीत. काही कोपनहेगनला, काही लंडनला, काही पॅरिसला. कीलचा त्याचा संग्रह पुढे कोपनहेगनच्या संग्रहालयात ठेवायला दिला गेला, आणि त्याच्या एखाद्या जुन्या नावाबद्दल शंका आली की अभ्यासकांना अजूनही याच पेट्या उघडाव्या लागतात.