औंधचे राजे आणि कोवळे ऊन
सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. उतारवयातही ते रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानच्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणाऱ्या या राजाचे १९५१ मध्ये निधन झाले.

त्यांचा व्यायाम उत्तमच, पण ‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा. कोवळ्या उन्हात त्यासाठी लागणारे अतिनील किरण फारच थोडे. ते मिळतात साधारण अकरा ते दोनच्या उन्हात. शिरूर कासारच्या रानात राबणाऱ्यांना ते आपसूक मिळतात. घरात बसून असलेल्या आजीला मात्र नाही, शिवाय वयानुसार त्वचेची क्षमताही घटते. तिच्या गोळीचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.